गळती कुठे होते? बहिरेवाडीच्या जे. पी. नाईकांचा आयुष्यभराचा प्रश्न

14 जुलै 1964 रोजी केंद्र सरकारने डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतच्या साऱ्या शिक्षणाचा एकत्र विचार करणारा स्वतंत्र भारतातला हा पहिलाच आयोग. त्यात ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत रशिया, फ्रान्स आणि जपानमधले तज्ज्ञ होते. आयोगाने देशभर फिरून नऊ हजारांहून अधिक माणसांशी चर्चा केली आणि 29 जून 1966 रोजी आपला भलाथोरला अहवाल सादर केला. या सगळ्या कामाचा गाडा ओढणारे सदस्य-सचिव होते जयंत पांडुरंग नाईक. गाव बहिरेवाडी, तालुका आजरा, जिल्हा कोल्हापूर.

नाईक 1959पासून दिल्लीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार होते. मानधन घेत होते नाममात्र एक रुपया. सरकारी वर्तुळात आणि शिक्षणक्षेत्रात सगळे त्यांना ‘जे. पी.’ म्हणत. देशातली किती मुले पहिलीत येतात, किती चौथीपर्यंत टिकतात, किती मॅट्रिक होतात आणि त्यातली किती कॉलेजची पायरी चढतात, हे आकडे त्यांना तोंडपाठ असत. पण आकड्यांपाशी ते थांबत नसत. जी मुले मधेच दिसेनाशी झाली ती कुणाची होती, आणि नेमक्या कोणत्या वळणावर गळाली, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

वंचित घरांतली मुले विद्यापीठापर्यंत का पोचत नाहीत, हा आज जगभर संशोधनाचा मोठा विषय आहे. ब्रिटनमध्ये शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक या एका विषयावर सबंध कारकीर्द उभी करतात. आपल्याकडे असे काम करणाऱ्यांची यादी करायची तर पहिल्या काही नावांत जे. पी. आणि त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांची नावे घ्यावी लागतील. आणि त्यांच्या विचाराची मुळे शोधायची तर दिल्लीहून मागे फिरून कोल्हापूरलाच यावे लागेल.

आधी राहायची सोय

कोल्हापुरात राजाराम कॉलेज 1880 साली सुरू झाले. मुंबई-पुण्याबाहेर, संस्थानी मुलखात उच्च शिक्षणाची सोय झाली ही केवढी तरी मोठी गोष्ट होती. पण कॉलेज उघडले म्हणून राधानगरी-भुदरगडच्या कुणब्याचा मुलगा त्यात आला नाही. शहरात त्याला खोली कोण देणार? जेवणाचे काय? ब्राह्मण विद्यार्थ्याला नात्यागोत्यात किंवा वार लावून जेवायची सोय होत असे. इतर जातींच्या मुलांना शहरात दारच उघडत नव्हते.

ही अडचण राजर्षी शाहू महाराजांनी अचूक हेरली. सर्व जातींसाठी एकच वसतिगृह असावे, हा त्यांचा पहिला प्रयत्न होता. प्रत्यक्षात तिथे वरच्या जातींची मुलेच राहू शकली. मग महाराजांनी वाट बदलली. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, नामदेव बोर्डिंग अशी रांगच लागली. अस्पृश्य मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क वसतिगृह उघडले. दरबाराने जागा द्यायची, वार्षिक अनुदान द्यायचे आणि त्या त्या समाजाने संस्था चालवायची, अशी ही रचना होती. दसरा चौकात आजही उभे राहिले की यातल्या काही इमारती आसपास दिसतात.

महाराजांनी 1902 साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण त्या जागांवर बसायला शिकलेली मुले हवीत, ती शिकायची तर शहरात राहिली पाहिजेत, आणि शहरात राहायची तर त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लागली पाहिजे, हा सगळा हिशेब त्यांच्या मनात स्पष्ट होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे त्यांचे पाऊल त्याच हिशेबातले. खालची पायरी भक्कम नसेल तर वरच्या पायरीवर कुणीच येणार नाही.

या बोर्डिंगांतूनच एक विद्यार्थी बाहेर पडला, खरे तर बाहेर काढला गेला. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजमध्ये 1887 साली जन्मलेला भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, आणि परतल्यावर विटाळ फेडायला आंघोळ करायची त्याने नाकारली. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवून दाखवले. मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ ही तिथली रीत होती. मुलाने शेतात, बांधकामावर, सफाईत घाम गाळायचा आणि त्या बदल्यात बी.ए. व्हायचे.

बळ्ळारीच्या तुरुंगातून गारगोटीकडे

जे. पी. नाईकांचा जन्म 5 सप्टेंबर 1907चा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात ते शिकले. गणित हा त्यांचा विषय, आणि आकड्यांवरची त्यांची हुकूमत पुढे आयुष्यभर कामी आली. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ते तुरुंगात गेले. बळ्ळारीच्या तुरुंगातल्या दवाखान्यात ते रुग्णांची शुश्रूषा करायला शिकले. सुटल्यावर नोकरी न शोधता त्यांनी धारवाड जिल्ह्यातले उप्पिन बेटगेरी हे खेडे गाठले आणि काही वर्षे तिथेच राहून गावाचे आरोग्य, शेती, शाळा अशा सगळ्या बाजूंनी काम केले. नंतर धारवाडच्या जिल्हा स्कूल बोर्डाचे काम त्यांच्याकडे आले. गावातली शाळा का ओस पडते, पेरणी-कापणीच्या दिवसांत मूल शाळेत का दिसत नाही, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

1943 साली सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत त्यांनी ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. बी.टी., बी.एड.च्या किती तरी पिढ्या या ग्रंथावर अभ्यास करून शिक्षक झाल्या. याच दशकात ते कोल्हापूर संस्थानच्या विकासाच्या कामातही होते.

1948 साली जे. पी. आणि चित्राताईंच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय शिक्षण संस्था उभी राहिली. शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन व्हावे, हा तिचा उद्देश होता. चित्राताई 1918 साली पुण्यात जन्मल्या. शिक्षणशास्त्रात त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अभ्यास केला. अशा पदव्या हातात असलेली बाई मुंबईत किंवा दिल्लीत सुखाने प्राध्यापकी करू शकली असती. त्या गारगोटीला गेल्या.

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे ठिकाण, कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, वेदगंगेच्या खोऱ्यात. तिथे उभ्या राहिलेल्या शिक्षणसंकुलाला पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव दिले गेले: श्री मौनी विद्यापीठ. बालवाडी, प्राथमिक शाळा, हायस्कूल, अध्यापक विद्यालय आणि उच्च शिक्षण हे सगळे एकाच आवारात, एका ग्रामीण तालुक्याच्या गरजेतून उभे करायचे, अशी ही कल्पना होती. 1956 साली केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना सुरू केली, आणि देशभरात निवडलेल्या मोजक्या ग्रामीण संस्थांत तमिळनाडूतल्या गांधीग्रामबरोबर, गुजरातेतल्या सणोसऱ्याबरोबर गारगोटीचेही नाव होते.

या ग्रामीण संस्थांचा अनुभव फार शिकवून जाणारा आहे. तिथे ग्रामसेवेची पदविका होती, स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकीची पदविका होती. अभ्यासक्रम खेड्याशी जोडलेला, शिकवणे जीव ओतून. तरी विद्यार्थी आणि पालक एकच गोष्ट विचारत राहिले: ही पदविका विद्यापीठाच्या पदवीबरोबरीची आहे का? नोकरीच्या बाजारात पदवीला किंमत होती, पदविकेला कमी. शिकून आपला मुलगा साहेब व्हावा, ही शेतकऱ्याची इच्छा चुकीची ठरवायचा अधिकार कुणाला होता? हळूहळू बहुतेक ग्रामीण संस्था नेहमीच्या विद्यापीठांशी जोडल्या गेल्या. गारगोटीतही आज विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आहे आणि अभियांत्रिकी पदविकेची संस्थाही चालू आहे.

गरिबाच्या मुलासाठी वेगळी वाट काढताना ती हलक्या दर्जाची ठरत नाही ना, हे आजही प्रत्येक योजनेला विचारावे लागते. कमी खर्चाचा अभ्यासक्रम, लहान मुदतीचे प्रमाणपत्र, घरबसल्या पदवी या सगळ्यांना हीच कसोटी लावायला हवी.

हातात न येणारा त्रिकोण

कोठारी आयोगाच्या अहवालातून मराठी घरांना सर्वांत जवळून कळलेली गोष्ट म्हणजे 10+2+3. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात दहावी-बारावीचा आकृतिबंध आला, ज्युनिअर कॉलेजे निघाली. पण आयोगाने आणखी बरेच सांगितले होते. श्रीमंत-गरीब सगळ्यांची मुले एकाच परिसरातल्या एकाच शाळेत जावीत, यासाठी समान शाळा पद्धती आणावी. 1985-86पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणावर खर्च व्हावा. आणि 1986पर्यंत उच्च शिक्षणातले किमान एक तृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा आणि सायंकालीन वर्गांतून शिकावेत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला कॉलेज बंद होणार नाही.

1969 साली भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली आणि जे. पी. तिचे पहिले सदस्य-सचिव झाले. 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 1975 साली त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक आले. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन टोकांचा, सहजी हातात न येणारा त्रिकोण, हा त्याचा विषय.

त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे. शाळा-कॉलेजांची संख्या वाढवली आणि शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांवरचा खर्च वाढवला नाही, तर दर्जा घसरतो. दर्जा राखायचा म्हणून प्रवेशाची चाळणी बारीक केली, तर घरात पुस्तके आणि शिकवणीचे पैसे असलेल्यांचीच मुले चाळणीतून पार होतात, आणि समता मागे पडते. समतेसाठी दार सताड उघडले आणि आत आलेल्या मुलाला आधार दिला नाही, तर ते मूल पहिल्या-दुसऱ्या वर्षीच गळते. तिन्ही टोके एकाच वेळी उचलायची तर पैसा लागतो, आणि पैशाहून जास्त लागते ती समाजाची तयारी. स्वातंत्र्यानंतर उच्च शिक्षण झपाट्याने वाढले, पण त्याचा मोठा लाभ आधीच सुस्थितीत असलेल्या वर्गांना झाला आणि प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक करण्याचे काम मागे पडले, हे त्यांनी परखडपणे मांडले. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हीच तक्रार केली होती: कर भरतो शेतकरी आणि सरकारचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर.

विद्यापीठाचे दार रुंद करणारा संशोधक पुन्हा पुन्हा प्राथमिक शाळेकडे का वळतो, याचे उत्तर इथे आहे. पहिलीत आलेली मुलगी गुरे राखायला, धाकट्या भावंडाला सांभाळायला शाळेतून काढली गेली, तर तिच्या नावाची कॉलेजातली जागा त्याच दिवशी रिकामी होते. म्हणून जे. पीं.नी कामकरी मुलांसाठी अर्धवेळ शाळा, आणि शिक्षणात कोणत्याही वयात पुन्हा शिरता येईल अशी मुभा, यांचा आग्रह धरला. भारतीय शिक्षण संस्था 1976 साली पुण्यात आली. त्यानंतर चित्राताईंनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी, त्यांची कामे उरकल्यावर भरणारे अनौपचारिक वर्ग चालवून हा विचार जमिनीवर उतरवला.

त्याच काळात जगातही हे कोडे अनेकजण सोडवत होते. 1964 साली पॅरिसमध्ये पिएर बूर्दिय आणि झाँ-क्लोद पासरों यांनी दाखवले, की विद्यापीठात यश मिळवणाऱ्या मुलाला घरूनच भाषा, वाचन, वागण्याबोलण्याची रीत असा वारसा मिळालेला असतो, आणि विद्यापीठ त्या वारशालाच गुणवत्ता समजून बसते. ब्रिटनमध्ये 1969 साली मुक्त विद्यापीठ निघाले. 1973 साली अमेरिकेचे मार्टिन ट्रो यांनी मोजपट्टी दिली: कॉलेजच्या वयोगटातल्या पंधरा टक्क्यांपेक्षा कमी मुले कॉलेजात असतील तर ते मूठभरांचे शिक्षण, पंधरा ते पन्नास टक्के म्हणजे बहुजनांचे, आणि त्यापुढे सर्वांचे.

सागरमाळावरचे विद्यापीठ

कोल्हापूरच्या कॉलेजांचा कारभार बरीच वर्षे आधी मुंबई आणि नंतर पुणे विद्यापीठाच्या हाती होता. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार, राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य. सागरमाळावरचा तो आठशे एकरांहून मोठा परिसर तेव्हा खडकाळ, उजाड होता. आप्पासाहेबांनी तिथे ‘कमवा व शिका’ योजना आणली. गरीब घरातली हुशार मुले विद्यापीठातच राहायची, रोज ठरलेले तास काम करायची आणि त्यावर एम.ए., एम.एस्सी. पूर्ण करायची. माळावर खड्डे खणून झाडे लावण्यापासून ग्रंथालयातल्या आणि कार्यालयांतल्या कामापर्यंत त्यांचे हात लागले. आज त्या परिसरात जी गर्द झाडी दिसते, तिच्यात त्या विद्यार्थ्यांचा घाम आहे. मुलींसाठीही पुढे ही योजना सुरू झाली.

शहरात डॉ. बापूजी साळुंखे यांच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने 1954पासून, आणि जिल्ह्यातल्या अनेक छोट्या संस्थांनी तालुक्याच्या ठिकाणी शाळा-कॉलेजे काढली. घरापासून कॉलेज किती दूर, या एका गोष्टीवर किती मुलींचे शिक्षण अवलंबून असते, हे आजरा, चंदगड, शाहूवाडीच्या कुठल्याही शिक्षकाला विचारावे. सकाळची पहिली एसटी चुकली तर दिवस बुडतो. शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटत असेल, तर मुलीला प्रॅक्टिकलचा तास सोडावा लागतो, नाहीतर घरचे कॉलेज सोडायला सांगतात. विद्यार्थ्यांना मिळणारा सवलतीचा एसटी पास आणि ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मिळणारा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास हे उच्च शिक्षणाच्या धोरणाचेच भाग आहेत, मग ते कुठल्याही खात्याकडे असोत.

याच एसटीने पश्चिम महाराष्ट्रात आणखी एक काम वर्षानुवर्षे केले. गावातून आई पहाटे भाकरी-भाजीचा डबा बांधते, थांब्यावर कंडक्टरच्या हवाली करते, आणि शहरातल्या स्टँडवर मुलगा तो उतरवून घेतो. डब्यावर रंगाने नाव लिहिलेले, झाकण कापडाने घट्ट बांधलेले. संध्याकाळी रिकामा डबा परतीच्या गाडीने गावी. खानावळीचे पैसे नसलेल्या किती तरी पदवीधरांचे शिक्षण या डब्यांवर झाले. कोणत्याही शिष्यवृत्तीच्या आकडेवारीत हा खर्च दिसत नाही. तो त्या घराने स्वतः उचललेला असतो.

आजचा हिशेब

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात जेमतेम वीस विद्यापीठे आणि सुमारे पाचशे कॉलेजे होती. केंद्र सरकारच्या 2021-22च्या पाहणीनुसार उच्च शिक्षणात सुमारे 4 कोटी 33 लाख विद्यार्थी आहेत. 18 ते 23 वयोगटाच्या तुलनेत हे प्रमाण 28.4 टक्के येते, आणि मुलींचे प्रमाण मुलांच्या बरोबरीला आले आहे. महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या पुढे आहे. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हे प्रमाण 2035पर्यंत 50 टक्क्यांवर न्यायचे ठरवले आहे. ट्रो यांच्या भाषेत, बहुजनांच्या शिक्षणाकडून सर्वांच्या शिक्षणाकडे.

महाराष्ट्राने या दिशेने पावलेही टाकली आहेत. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या पालकांच्या मुलांना फी माफीची सवलत मिळाली आणि ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) हा शब्द घरोघरी गेला. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याचा खर्च देणारी स्वाधार योजना आली. 2024-25पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, अटींत बसणाऱ्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. स्वाधारमागचे तत्त्व आणि 1901 सालच्या बोर्डिंगामागचे तत्त्व एकच आहे: फी माफ केली तरी पोट आणि छप्पर यांचा प्रश्न सुटत नाही.

जे. पीं.चे 30 ऑगस्ट 1981 रोजी पुण्यात निधन झाले. युनेस्कोने जगभरच्या शिक्षणचिंतकांवर जी लेखमाला काढली, तीत त्यांचा समावेश केला. चित्राताई त्यानंतरही जवळजवळ तीन दशके काम करत राहिल्या. त्या राज्याच्या शिक्षण संचालक होत्या, पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या, 1986 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2010 साली त्यांचे निधन झाले. शेवटच्या काळात जे. पीं.नी कोठारी आयोगानंतर काय झाले याचा स्वतःच ताळेबंद मांडला होता. आकृतिबंध बदलायची शिफारस सरकारांनी पटकन उचलली. समान शाळेसारख्या, समाजाची घडी बदलणाऱ्या शिफारशी बाजूला पडल्या, हे त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले.

नव्या धोरणात जे. पीं.च्या ओळखीच्या दोन गोष्टी परत आल्या आहेत. शिक्षणावर सहा टक्के खर्चाचे उद्दिष्ट पुन्हा छापले गेले आहे, आणि पदवी मधेच सोडून पुन्हा येण्याची, केलेल्या अभ्यासाचे श्रेय खात्यात जमा ठेवण्याची सोय झाली आहे. कामासाठी शिक्षण सुटलेल्या मुलाला परत येता यावे, हेच तर ते सांगत होते. पण दुसऱ्या वर्षी बाहेर पडणारा विद्यार्थी परतण्यासाठी बाहेर पडतो आहे की गळतो आहे, हे प्रवेशाच्या एकूण आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक कॉलेजला तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाला आलेली यादी काढून बसावे लागेल: यातले कोण पदवीपर्यंत पोचले, कोण गेले, त्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेले होते का, ते रोज किती लांबून येत होते. आजरा-गारगोटीच्या कॉलेजांतल्या शिक्षकांना यातली बरीच उत्तरे नावानिशी ठाऊक असतात. ती कागदावर आली, तर पुढची वसतिगृहे, पुढच्या एसटी फेऱ्या आणि पुढच्या शिष्यवृत्त्या कुठे द्यायच्या, हे ठरवायला सरकारला आणि विद्यापीठाला भक्कम आधार मिळेल.